पोच घेतली का?

मुलगी शाळेतून आली की तिची पाण्याची बाटली मी आधी धुवायला घेते. 2023 च्या जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिले चार दिवस बाटली भरलेलीच परत आली. मला वाटलं, शाळेत माठ असेल, तिथलं पीत असेल. पाचव्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं. तिकडं कुलूप आहे."

ती तेव्हा सातवीत होती. दुपारची शाळा, साडेबारा ते साडेपाच. वर जाण्या-येण्याचा वेळ. जूनच्या उकाड्यात पोरगी सहा तास घोटभर पाणी न पिता बसत होती. मी घरात असून मला हे कळायला पाच दिवस लागले.

आम्ही भेस्तानला राहतो. मूळचे धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातले. लग्नानंतर भुसावळ लाईनच्या गाडीनं उधन्याला उतरलो, ते इथलेच झालो. मुंबईच्या बाजूला जाताना उधन्याच्या पुढचं स्टेशन भेस्तान. मिस्टर पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये आहेत, बारा तासांची पाळी. मी घरी साड्यांचे धागे कापते. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान या सगळ्या पट्ट्यात खानदेशातली माणसं आहेत. सुरतेत सरकारी प्राथमिक शाळा सात माध्यमांत चालतात: गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. आमची दोन्ही मुलं मराठी माध्यमात. शाळेचं आणि कुठल्याही ऑफिसचं नाव मी लिहीत नाही. मुलं अजून तिथंच शिकतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी आया शाळेत गेलो. मुलींच्या शौचालयाला खरंच कुलूप होतं. पाण्याची मोटर जळाली होती, टाकी कोरडी होती, म्हणून बंद ठेवलं होतं. शिपाई दुरून बादलीनं पाणी आणत होते, ते फक्त पिण्याच्या टाकीपुरतं. वर गेलो तर सातवी आणि आठवी एकाच वर्गात बसलेली. गणित-विज्ञानाचे सर दिवाळीपासूनच नव्हते, त्यांच्या जागी कोणी आलं नव्हतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "मी वर लिहिलंय." मला राग आला. मी मोठ्यानं बोलले. म्हणाले, तुमची मुलगी असती तर असंच म्हणाला असता का? वऱ्हांड्यात मुलं गोळा झाली. बाईंनी मान खाली घातली आणि हजेरीपट उघडला. आम्ही घरी आलो तेव्हा मला वाटलं, आज काहीतरी केलं. खरं तर काहीच झालं नव्हतं. मुलगी मात्र संध्याकाळी म्हणाली, "आई, तू परत येऊ नको."

मिस्टरांनाही आवडलं नाही. ते म्हणाले, "फुकटची शाळा आहे. पुस्तकं फुकट, जेवण फुकट. आपण काय तोंड उघडायचं? आणि पोरगी तिथंच बसणार आहे, उद्या तिच्यावर राग काढला तर?" ही भीती मलाही होती. आजही थोडी आहे.

आठवड्याभरानं आम्ही वॉर्डातल्या एका कार्यकर्त्याकडे गेलो. त्यांनी मोबाईलवर फोटो मागवले, "बघून घेतो" म्हणाले. शाळेत पाहुणे यायचे होते. त्याआधी शौचालयाच्या दाराला निळा रंग लागला. कुलूप होतं तसंच राहिलं. जुलै निम्मा गेला.

आमच्या सोसायटीत एक जिभाऊ राहतात. गावाकडे ग्रामपंचायतीत कारकून होते, आता मुलाकडे असतात. संध्याकाळी खाली बाकावर बसतात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कागद दिधा का? पोच लिधी का?"

कागद दिलाच नव्हता. सव्वा महिना आम्ही नुसतं बोलत होतो.

मिस्टरांचं फुकटच्या शाळेचं बोलणं मी जिभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, तेलाच्या पुडीवर कर भरतेस ना? साबणावर? मग फुकट कसली. मग त्यांनी जोतिबा फुल्यांची गोष्ट सांगितली. 1882 मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला होता. त्याच्यापुढे फुल्यांनी 19 ऑक्टोबर 1882 ला लेखी निवेदन दिलं. त्याचा मुद्दा असा की सरकारचा महसूल कष्टकरी शेतकऱ्याच्या घामातून येतो, पण त्यातला शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, आणि बहुजनांच्या मुलांच्या प्राथमिक शाळा तशाच राहतात. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशीही त्यांची मागणी होती. शाळेच्या पैशाचा हिशेब सरकारला लेखी विचारण्याची आपल्याकडची ही जुनी रीत आहे, हे मला माहीत नव्हतं. शाळेत फुल्यांचा फोटो होता, त्याला हार घालायचो, एवढंच. मिस्टरांना रात्री सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर "फुकट" हा शब्द त्यांनी वापरला नाही.

मग माहिती अधिकारात अर्ज करायचं ठरलं. पहिला अर्ज मी मराठीत लिहिला. बीआरटीएसच्या बसनं ऑफिसला गेले. आवक खिडकीवरच्या माणसानं वाचलाही नाही. "बेन, गुजरातीमां लखीने लावो," म्हणाला. मला अपमान वाटला, पण त्यात त्याची चूक नव्हती. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा असतो. इथं ती गुजराती. हिंदी चालते हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. एक गोष्ट आणखी आहे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला मदत करणं हे त्या अधिकाऱ्याचंच काम आहे, कायद्यात तसं आहे. तेही मला नंतर कळलं.

मला गुजराती बोलता येतं, लिहिता येत नाही. मुलीला येतं, मराठी शाळेतही गुजराती हा विषय असतो. मग मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. "कुलूप" ला गुजरातीत "ताळुं" म्हणतात हे तिनं मला सांगितलं. तिच्याच शौचालयाचा अर्ज तिच्याच हातानं लिहिला गेला. ते पाहून मला कसंतरी झालं.

7 ऑगस्टला तो अर्ज दिला. 20 रुपये रोख भरले, पावती घेतली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला तर खिडकीवरचा म्हणाला, साहेब आल्यावर. मी तिथंच उभी राहिले. पाऊण तासानं त्यानं शिक्का मारला आणि त्यावर पेनानं तारीख आणि आवक नंबर टाकला. ती प्रत घरी आणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि खिळ्याला टांगली.

इथं माझी मोठी चूक झाली. मी विचारलं होतं: मुलींचं शौचालय बंद का आहे? गणिताचे शिक्षक का नाहीत? 4 सप्टेंबरला उत्तर आलं, अठ्ठाविसाव्या दिवशी. चार ओळी. मागितलेली बाब "माहिती" या व्याख्येत बसत नाही.

मला वाटलं हा टोलवाटोलवीचा प्रकार आहे. जिभाऊंनी कायद्याची छोटी पुस्तिका काढून दाखवली. माहिती म्हणजे ऑफिसच्या दप्तरात आधीपासून असलेला कागद: पत्र, बिल, नोंदवही, आदेश, अहवाल. "का" असा कागद दप्तरात नसतो. म्हणून "का" विचारायचं नाही, कागदाची नक्कल मागायची. हा माझा एक महिना गेला. कोणी अर्ज करणार असेल तर एवढं तरी लक्षात ठेवा.

दुसऱ्या अर्जाला आम्ही तीन रात्री बसलो. त्याच दिवसांत कळलं की प्रत्येक शाळेला अकरा आकडी युडायस नंबर असतो आणि त्या शाळेचं रिपोर्ट कार्ड कोणालाही मोबाईलवर पाहता येतं. आम्ही पाहिलं. आमच्या शाळेच्या कार्डावर मुलींची शौचालयं चालू होती. पाणी होतं. हात धुवायची सोय होती. शेजारच्या आबांच्या मुलानं ते मोठं करून दाखवलं आणि आम्ही सगळेच गप्प बसलो. म्हणजे वर बसलेल्याला आमची शाळा चांगलीच दिसत होती.

आणखी एक कळलं. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेला दरवर्षी एकत्रित अनुदान मिळतं. पटावर किती मुलं आहेत यावर रक्कम ठरते. 250 च्या वर आणि 1000 पर्यंत मुलं असली तर 75,000 रुपये, त्याहून जास्त असली तर 1 लाख. त्यातले निदान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. आमच्या शाळेचा पट तीनशेच्या वर. म्हणजे 75,000, आणि स्वच्छतेचे 7,500. हा आकडा हातात आल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आपण हवेत बोलत नाही आहोत.

11 सप्टेंबरच्या अर्जात चारच गोष्टी मागितल्या. एक, मागच्या दोन वर्षांत शाळेला मिळालेलं अनुदान, ते कोणत्या तारखेला आलं, आणि त्याची बिलं. दोन, मंजूर शिक्षक किती आणि भरलेले किती. तीन, शौचालय आणि पाण्याबद्दल शाळेनं वर पाठवलेली पत्रं आणि त्यांना आलेली उत्तरं. चार, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांच्या नोंदवहीची नक्कल.

या समितीबद्दल थोडं सांगायला हवं. इथं दोन "एसएमसी" आहेत. लोक महापालिकेला एसएमसी म्हणतात आणि शाळा व्यवस्थापन समितीलाही एसएमसीच म्हणतात. मी पाच वर्षं ऐकत होते आणि मला वाटायचं बाई महापालिकेबद्दल बोलतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत ही समिती असायलाच हवी. चारातले तीन सदस्य पालक, आणि निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करायचा आणि आलेल्या पैशावर लक्ष ठेवायचं, हे तिचं काम.

30 दिवस झाले. उत्तर नाही. 11 ऑक्टोबर गेला. नवरात्र सुरू झालं होतं, साड्यांचं काम अंगावर आलं होतं, एका साडीमागे दोन-तीन रुपये सुटतात आणि वर्षात हेच दिवस कमाईचे. मी सोडून द्यायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. एका खेपेला माझा अर्धा दिवस जायचा. जिभाऊ वर चढून आले, गुडघे धरत, चार जिने. म्हणाले, 30 दिवसांच्या आत अपील नाही केलं तर सगळं पहिल्यापासून. मग 16 ऑक्टोबरला प्रथम अपील दिलं. एक पान. अर्जाची तारीख, पावतीचा नंबर, मुदतीत उत्तर नाही, बस.

दिवाळी झाली. 24 नोव्हेंबरला सुनावणीला बोलावलं. मी मनातून घाबरले होते. कोर्टासारखं काहीतरी असेल असं वाटलं होतं. एक टेबल, तीन खुर्च्या आणि पंखा. अपिलाचे अधिकारी वयानं मोठे होते. त्यांनी अर्ज वाचला, माहिती अधिकाऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, यात न देण्यासारखं काय आहे? सात मिनिटांत मी बाहेर आले. 1 डिसेंबरला 46 पानं मिळाली. एरवी पानाला 2 रुपये पडतात. 30 दिवस उलटून गेले की माहिती फुकट द्यावी लागते, म्हणून पैसे लागले नाहीत.

ती पानं मी घरी फरशीवर मांडली. धाकटा पानांवरून उड्या मारत होता, त्याला बाहेर पाठवलं.

पहिलं पत्र सप्टेंबर 2022 चं होतं. पाण्याचा दाब कमी आहे, मोटर तपासावी. खाली मोठ्या बाईंची सही. दुसरं नोव्हेंबरचं. तिसरं जानेवारीचं. चौथं मार्च 2023 चं, मोटर जळाली, मुलींची गैरसोय होते, तातडीनं लक्ष घालावं. पाचवं 5 जूनचं. मी वऱ्हांड्यात बाईंवर ओरडले त्याच्या थोडे दिवस आधीचं. पाचही पत्रांवर जावक नंबर होते.

उत्तरं दोनच. एकात लिहिलं होतं की दुरुस्तीचा विषय बांधकामाच्या विभागाचा आहे, तिकडे पाठवावा. दुसऱ्यात बांधकामाच्या विभागानं लिहिलं होतं की शिक्षणाच्या ऑफिसकडून खर्चाची मंजुरी आल्यावर अंदाजपत्रक करता येईल. मंजुरी अंदाजपत्रकाशिवाय मिळत नव्हती आणि अंदाजपत्रक मंजुरीशिवाय होत नव्हतं. दोन टेबलांच्या मध्ये आमच्या मुलींचं पाणी पंधरा महिने अडकलं होतं. कोणी खाल्लं असं त्या कागदांत मला दिसलं नाही. कोणी उचललंच नाही, असं दिसलं.

अनुदान मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलं होतं आणि 31 मार्चच्या आत खर्ची पडलं होतं. रंग, खडू-कागद, पंख्यांची दुरुस्ती, विजेचं सामान. स्वच्छतेच्या बिलात झाडू, फिनेल आणि 60 साबण होते. हात धुवायचे साबण. पाणी नव्हतं. बिलं खरी होती, दुकानही आमच्या ओळखीचं. सात दिवसांत पैसे संपवायचे म्हटल्यावर जे दुकानात मिळतं तेच घेतलं जातं. मोटर दुकानातून आणून बसवता येत नाही.

शेवटची सहा पानं समितीच्या बैठकांची होती. त्यातल्या एका पानावर माझं नाव होतं. सदस्य. विकास आराखड्याला मंजुरी दिली, उपस्थित अकरा. आणि नावापुढे माझी सही.

सही खोटी नव्हती. माझीच होती. मला आठवलं. आदल्या वर्षी गणवेशाच्या पैशाचा फॉर्म भरायला गेले होते तेव्हा एका वहीवर सही घेतली होती. वरचं पान रिकामं होतं. मी विचारलं नाही. माझ्यामागे रांग होती, घरी साड्यांचा गठ्ठा पडला होता. मीच सदस्य होते आणि मीच सहा महिने विचारत फिरत होते की शाळेवर लक्ष कोण ठेवतं.

बाईंची माफी मागायला मला आठ दिवस लागले. शाळा सुटल्यावर गेले. पत्रांच्या नकला टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, बाई, मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना, वर लिहिलंय म्हणून." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण जावक नंबर दाखवायला पाहिजे होता." मी युडायसच्या कार्डाचंही विचारलं. त्यांनी लपवलं नाही. चालू नाही असं भरलं की वरून फोन येतात, खुलासा मागतात, म्हणून खोल्या आहेत तर "आहे" असं भरलं. रिकाम्या पानावर सह्या घेतल्या हेही त्यांनी कबूल केलं. मला हे पटलं नाही आणि मी तसं म्हटलं. पण पहिल्यासारखी ओरडले नाही. त्या दिवसापासून आम्ही एका बाजूला आलो.

16 डिसेंबरला, शनिवारी, समितीची खरीखुरी बैठक झाली. बारा सदस्यांपैकी दहा आले, त्यात सहा बायका. मिलची पाळी सोडून दोन वडील आले, त्यांची त्या दिवसाची हजेरी गेली. ठराव तीन ओळींचा केला. मोटर कोणत्या तारखेपासून बंद, कोणत्या तारखांना पत्रं दिली, दोन्ही विभागांनी एकत्र बसून 15 दिवसांत निर्णय द्यावा. ठराव दोन्ही ऑफिसला दिला, दोन्हीकडून पोच घेतली. आता खिडकीवरचा माणूस मला ओळखत होता. न मागता शिक्का मारला.

15 दिवसांत काही झालं नाही. गुजरातेत एप्रिल 2003 पासून "स्वागत" नावाची तक्रारींची सुनावणी चालते. महिन्यातून एकदा, तालुक्याला, जिल्ह्याला आणि थेट मुख्यमंत्र्यांपुढे गांधीनगरला. त्याचा मोठा फायदा हा की संबंधित सगळ्या खात्यांच्या माणसांना एकाच वेळी एकाच खोलीत बसावं लागतं. जानेवारीच्या सुरुवातीला आम्ही जिल्ह्याच्या स्वागतला अर्ज केला. सोबत ठराव, पाच पत्रं, दोन उत्तरं. महिन्याच्या शेवटी बोलावणं आलं. बाई येऊ शकत नव्हत्या, मी आणि आणखी एक आई गेलो.

आमचा नंबर दुपारी लागला. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, पण वाचावं लागलं नाही. साहेबांनी ती दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही विभागांचे लोक समोर होते. साहेब म्हणाले, तुमच्यातला कोण आधी? कोणी बोललं नाही. मग तिथंच तारीख ठरली. अंदाजपत्रक अमुक तारखेला, मंजुरी त्यानंतर तीन दिवसांत. इतक्या महिन्यांची गाठ पंधरा मिनिटांत सुटली. आनंद झालाच, पण बसमध्ये मला रडू आलं. इतकं सोपं होतं तर पोरींनी एवढे दिवस का काढले?

12 फेब्रुवारी 2024 ला मोटर बसली. कुलूप निघालं. मला वाटलं त्या दिवशी बाटली रिकामी येईल. नाही आली. मुलीला न पिण्याची सवय लागली होती. दोन आठवडे बाटली अर्धीच यायची. मी रोज बघायचे आणि काही बोलायचे नाही. मार्चमध्ये एके दिवशी तिनं घरी आल्याआल्या विचारलं, "मोठी बाटली नाही का आपल्याकडे?"

शिक्षकाचं मात्र तसं झालं नाही. मंजूर जागा आणि भरलेल्या जागा यांचा कागद स्पष्ट होता. कायद्यानं मंजूर जागांपैकी 10 टक्क्यांहून जास्त रिकाम्या ठेवता येत नाहीत, आमच्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त होत्या. आम्ही तेही लिहिलं. जानेवारीत गणित-विज्ञानाला एक ज्ञान सहायक आल्या. गुजरात सरकारनं 2023 मध्ये ही योजना आणली, 11 महिन्यांचा करार, प्राथमिकला महिना 21,000 रुपये. बाई चांगल्या होत्या. मुलीला अपूर्णांक पहिल्यांदा त्यांच्याकडून समजले. पण करार संपला की पुन्हा नवी नेमणूक होईपर्यंत वर्ग रिकामा. मराठीतून गणित शिकवणारं माणूस सुरतेत शोधावं लागतं, हे मला समजतं. पण करारावरचं माणूस मिळतं आणि कायमचं मिळत नाही, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. हा लढा आम्ही जिंकलेलो नाही.

एक गोष्ट आम्ही करून घेतली. ती मी एका लेखात वाचली होती. आफ्रिकेत युगांडा नावाचा देश आहे. तिथं 1991 ते 1995 या काळात सरकारनं शाळांना पाठवलेल्या अनुदानातले, पगार सोडून, 100 मधले सरासरी 13 रुपयेच शाळेपर्यंत पोचत होते. पाहणीत हे उघड झाल्यावर सरकारनं रकमा वर्तमानपत्रात छापायला आणि शाळेच्या दारावर लावायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत बराचसा पैसा शाळेत पोचू लागला. मी हे समितीत सांगितलं. आमच्याकडे पैसा पोचत होता, पण कधी आणि कशावर गेला हे बाईंशिवाय कोणाला माहीत नव्हतं. बाईंनी मुख्य दाराशेजारच्या भिंतीवर काळा चौकोन रंगवून घेतला. त्यात खडूनं लिहितात: अनुदान किती, आलं कधी, खर्च कशावर, शिल्लक किती. खाली मंजूर शिक्षक, हजर शिक्षक. पोरांना घ्यायला आलेले आजोबा तो चौकोन वाचत उभे राहतात. पुढच्या वर्षीचा विकास आराखडा आम्ही डिसेंबरमध्येच केला, म्हणजे मार्चमध्ये पैसे आले तर काय घ्यायचं ते आधीच ठरलेलं असेल.

मुलीवर कोणी राग काढला नाही. ती भीती खोटी निघाली, निदान आमच्या बाबतीत. खर्च म्हणाल तर अर्जाचे 40 रुपये, झेरॉक्स आणि बसचे मिळून सहाशेच्या आसपास, आणि माझे बुडालेले चौदा अर्धे दिवस. ते मी वहीत लिहून ठेवले आहेत.

मागच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या दोघी आल्या. एक ओडिशातल्या गंजामची, एक आंध्रातली. त्यांच्या मुलांच्या शाळांत दोन वर्गांना एक खोली आहे. कुठूनतरी आमचं नाव कळलं होतं. माझी मुलगी आता माझ्याहून उंच झाली आहे. तिनं पिशवी खिळ्यावरून काढली आणि जुने अर्ज त्यांच्यापुढे ठेवले. दोघींना गुजराती लिहिता येत नाही, म्हणून हिंदीत लिहायचं ठरलं. ओडियावाल्या ताईंनी पहिलीच ओळ सांगितली, "हमारे बच्चों को कमरा क्यों नहीं..." मुलीनं पेन थांबवलं आणि म्हणाली, "मावशी, क्यों नहीं लिखते. कौन सा काग़ज़ चाहिए, वो बोलो."

रात्री साडेअकरापर्यंत अर्ज झाला. सोमवारी आवक खिडकी उघडते तेव्हा तिघी जाणार आहोत. दोन प्रती काढून ठेवल्या आहेत.